आजीचा गुडघा दुखत होता, अडकलं होतं आतडं

आमच्या खान्देशात पोट दुखलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पोटमा गॅस व्हयी गया". मग ओवा, हिंग, सोड्याची बाटली, मेडिकलवरून आणलेली गोळी आणि तरी नाही थांबलं तर गावातल्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन. बहुतेक वेळा यानं भागतंही, खोटं कशाला बोलू. पण मी इकडेच सर्जरी करतो आणि माझ्याकडे येतात ते ज्यांचं भागत नाही ते, आणि त्यातले काही इतके उशिरा येतात की वाईट वाटतं. अपेंडिक्स, मुतखडा, पित्ताशयातले खडे याबद्दल आता लोकांना बरंच माहीत आहे, म्हणून आज त्यांच्या पलीकडची, क्वचित दिसणारी पण दिसली की घाम फोडणारी पोटदुखी सांगतो.

सुरुवात एका आजीपासून करतो. अमळनेरकडच्या खेड्यातली, ऐंशीच्या घरातली, अंगावर मांस असं नाहीच, सात बाळंतपणं झालेली. तक्रार काय तर "मना गुडघा दुखी ऱ्हायना". तीन दिवस झाले होते, आधी एका ठिकाणी गुडघ्याचा एक्सरे काढून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, आजीला उलट्या व्हायला लागल्या तर सगळ्यांना वाटलं गोळ्यांनी ॲसिडिटी झाली. सून मात्र हुशार, ती म्हणाली डॉक्टर साहेब, तीन दिवस झाले माय संडासला गेली नाही आणि वारंसुद्धा सरलं नाही, आणि पाय दुमडूनच झोपते, सरळ करायला गेलं की ओरडते. गुडघा बघितला तर सूज नाही, गरम नाही, नीट वाकतोय. पोट मात्र फुगलेलं.

आपल्या कंबरेच्या हाडात पुढच्या बाजूला दोन मोठी भोकं असतात, ती पडद्यानं जवळजवळ बंद असतात, फक्त वरच्या कोपऱ्यात एक अरुंद बोगदा राहतो आणि त्यातून मांडीच्या आतल्या बाजूला जाणारी नस बाहेर पडते. तरुणपणी त्या बोगद्यात चरबीची गादी भरलेली असते. म्हातारपणात वजन उतरलं की ती गादी विरते, बाळंतपणांनी आजूबाजूचं सगळं सैल झालेलं असतं, आणि एखाद्या दिवशी खोकताना किंवा कुंथताना लहान आतड्याचा तुकडा तिथे शिरून अडकतो. हा हर्नियाच, पण मांडीच्या स्नायूंखाली इतका खोल की बाहेरून गाठ दिसत नाही. आतडं नसेवर दाबतं आणि मेंदूला निरोप जातो तो मांडीच्या आतून थेट गुडघ्यापर्यंतचा. सगळ्या हर्नियांमध्ये याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे आणि तो बहुतेक करून आजीसारख्या काटक म्हाताऱ्या बायकांनाच होतो. सीटी स्कॅन केला की लगेच दिसतो, प्रश्न फक्त स्कॅन करायचं सुचण्याचा.

त्याच रात्री बेंबीखाली चीर घेऊन पोट उघडलं, अडकलेला वेढा हलक्या हातानं सोडवला, कोमट सलाईनच्या कपड्यात गुंडाळून वाट बघितली की रंग परत येतो का. हे वाट बघणं प्रत्येक सर्जनला माहिती असतं, भुलीच्या मशीनचा आवाज सोडला तर थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. गुलाबी झालं, हालचाल सुरू झाली तर आतडं वाचलं, काळंच राहिलं तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायची. आजीचं काळंच राहिलं. वीतभर कापलं, जोडलं, बोगद्याचं तोंड शिवून टाकलं, आणि आजी दहाव्या दिवशी काठी टेकत घरी गेली. तिचं ऑपरेशन मी केलं, निदान मात्र सुनेनं केलं असं मी आजही मानतो.

पण दुखणं भलत्याच जागी का जाणवतं? आतड्याला कापलेलं, पोळलेलं कळत नाही, त्याला कळतं फक्त ताणणं, पीळ पडणं आणि रक्त कमी पडणं, आणि तेसुद्धा मोघम. आईच्या पोटात असताना आतडं शरीराच्या मधोमध तयार होतं, त्याच्या नसाही तिथूनच निघतात, म्हणून पुढे आतडं कुठेही सरकलं तरी सुरुवातीचं दुखणं बेंबीभोवती येतं. अपेंडिक्स आधी बेंबीपाशी दुखतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरतं ते याचमुळे, कारण सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की अस्तराच्या नसा नेमकी जागा दाखवतात. म्हणून डॉक्टर विचारतात आधी कुठे दुखलं, मग कुठे गेलं. पेशंट पुष्कळदा वैतागतात, पण हा प्रश्न सोनोग्राफीइतकाच कामाचा आहे.

कधी कधी अपेंडिक्स समजून पोट उघडावं तर अपेंडिक्स अगदी ठणठणीत. अशा वेळी शिकवलेलं असतं की तसंच बंद करू नका, लहान आतडं शेवटाकडून मागे मागे दोन फूट तपासत जा. तिथे एक छोटी पिशवी सापडू शकते, मेकेल डायव्हर्टिक्युलम, योहान फ्रेडरिक मेकेल या जर्मन शास्त्रज्ञानं १८०९ मध्ये तिचं नीट वर्णन केलं. गर्भात असताना बेंबीतून आतड्याला जोडणारी एक नळी असते, ती सातव्या आठवड्याच्या सुमारास नाहीशी व्हायला हवी, साधारण २ टक्के लोकांत तिचा बुंधा राहून जातो. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही, पण काहींच्या त्या पिशवीला आतून जठराचं अस्तर असतं, म्हणजे ॲसिड तयार होतं, शेजारच्या आतड्याला जखम होऊन लहान मुलाला शौचातून भळभळ रक्त जातं. पिशवी सुजली तर हुबेहूब अपेंडिक्स. इलाज सरळ आहे, पिशवी किंवा तिच्यासकट आतड्याचा छोटा भाग काढायचा, हल्ली दुर्बिणीतूनही होतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मात्र आतड्याच्या अटॅकची. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की अटॅक हे सगळ्यांना माहिती, पण आतड्याचीही वाहिनी तशीच बंद पडते हे फार कमी लोकांना माहिती असतं. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या किंवा लहानपणच्या संधिवाताच्या तापानं झडप खराब झालेल्या माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी बनते, एक दिवस सुटते आणि आतड्याच्या मुख्य धमनीत जाऊन बसते. माणूस अक्षरशः लोळतो, पण पोटाला हात लावला तर पोट मऊ, एक्सरेत फारसं काही नाही, सोनोग्राफीवाला म्हणतो गॅस खूप आहे. दुखणं प्रचंड आणि तपासणीत काहीच नाही, हीच या आजाराची खूण आहे, आणि नेमकी इथेच 'नाटक करतोय' म्हणून पेशंटला घरी पाठवलं जातं. सहा-आठ तासांत आतडं मरायला लागतं. मग दुखणं थोडं कमी होतं, घरच्यांना बरं वाटतं, ती वेळ सगळ्यात फसवी. वेळेत सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, झाली तर धमनी उघडून बारीक फुग्याच्या नळीनं गुठळी ओढून काढता येते, ही नळी थॉमस फोगार्टी या अमेरिकन सर्जननं १९६३ मध्ये आणली. जेवढं आतडं मेलं तेवढं कापायचं, जे मधलं-मधलं वाटतं ते ठेवायचं आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघायचं. नातेवाईकांना हे दुसरं ऑपरेशन म्हणजे डॉक्टरची चूक वाटते, पण ते पहिल्याच दिवशी ठरवलेलं असतं, कारण सहा मीटरच्या लहान आतड्यातलं दोन मीटर तरी वाचलं पाहिजे, त्याच्या खाली गेलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. गुठळी शिरेत झाली तर चित्र जरा वेगळं असतं, दुखणं हळूहळू वाढतं, आणि लवकर कळलं तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरही निभावतं. भुसावळ-जळगावच्या ४५ डिग्रीत केळीच्या बागेत राबणाऱ्यानं पाणी कमी प्यायलं की रक्त घट्ट होतं आणि अशा गुठळीला मदत होते, त्यामुळे उन्हाळ्यात मी जरा जास्तच संशयी असतो.

केसांचा गोळा एकदाच पाहिला पण विसरत नाही. शाळकरी मुलगी, वरच्या पोटात हाताला दगडासारखं लागत होतं, जेवण जाईना, अचानक उलट्या आणि कळा. स्वतःचे केस उपटून गिळायची सवय, आईलाही माहीत नव्हती. माणसाला केस पचत नाहीत, ते जठरात अडकून नमदा तयार होतो, अगदी जठराच्या आकाराचा, काळा आणि कुबट वासाचा. शेपटी लहान आतड्यापर्यंत गेली तर त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात, लांबसडक केसांच्या मुलीच्या जर्मन परीकथेवरून १९६८ मध्ये हे नाव पडलं. इतका मोठा गोळा दुर्बिणीनं तोंडातून क्वचितच निघतो, जठर उघडूनच काढावा लागतो. पण पोट शिवलं म्हणजे काम संपत नाही, ती मुलगी केस का खात होती हे मानसोपचार डॉक्टरांनी शांतपणे बघायलाच हवं, तिला रागावून काही होत नाही, उलट गोळा पुन्हा तयार होतो.

आता दुसरी बाजू, जिथे पोट अजिबात उघडायचं नाही. पावसाळ्यात शेतातल्या घरात खाली सतरंजीवर झोपलेला धडधाकट पोरगा पहाटे तीन-चारला पोट धरून उठतो, उलटी होते, कुठे लागल्याची खूण नाही. अशा वेळी मी पोटाआधी पापण्या बघतो. मण्यार चावली तर पुष्कळदा कळतसुद्धा नाही, दात बारीक, सूज नाही, आणि पहिली तक्रार पोटदुखीच असू शकते. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, आवाज बदलला की तासाभरात श्वास थांबू शकतो. तिथे सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर, सुरीचं काही काम नाही. पोट दुखतंय म्हणून सकाळपर्यंत थांबणं हाच घात. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं एवढ्यानंही ही मण्यार लांब राहते.

काही दुखणी निरुपद्रवीही असतात बरं. मोठ्या आतड्याच्या बाहेरून चरबीचे छोटे छोटे घोस लोंबत असतात, त्यातल्या एकाला पीळ बसला की एका बोटाएवढ्या जागेत जबर दुखतं, ताप बहुतेक नसतो, आणि आठवडा-दोन आठवड्यांत साध्या गोळ्यांनी बरं होतं.

आणि सिकलसेल, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडून सातपुडा उतरून येणाऱ्या भिल्ल, पावरा पोरांच्या पोटदुखीत हे डोक्यात नसेल तर त्या सर्जननं नंदुरबार जिल्ह्यात काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिमोग्लोबिनमधला एक अमिनो आम्ल बदलला की ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात, पोट असं दुखतं की अल्सर फुटलाय असंच वाटावं. त्याला लागतं सलाईन, ऑक्सिजन, ऊब आणि मोकळ्या हातानं दिलेलं वेदनाशामक. चुकून पोट उघडलं तर आतमध्ये काही सापडत नाही आणि भुलीच्या ताणानं पेशी आणखी वाकतात. रक्ताची साधी सोल्युबिलिटी टेस्ट संशय दाखवते, पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिसनं किंवा एचपीएलसीनं होतं, या दोन्ही तपासण्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतात. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे, तेव्हा घरात कोणाचा रिपोर्ट असेल तर तो आधार कार्डासोबत ठेवा आणि पोट दुखलं की आधी तो पुढे करा.

अवघड भाग असा की याच पोरांना खरं ऑपरेशनही लागतं. नॉर्मल तांबडी पेशी १२० दिवस जगते, यांची १० ते २० दिवस, एवढ्या पेशी फुटल्या की पित्ताशयात लहान वयातच खडे होतात आणि ते अडकले की काढावेच लागतात. तेव्हा आदल्या रात्रीपासून सलाईन चालू ठेवतो म्हणजे उपाशीपोटी रक्त घट्ट होत नाही, लागलं तर रक्त चढवून हिमोग्लोबिन दहापर्यंत आणतो, आणि पोरगं टेबलावर यायच्या आधी थिएटरचा एसी बंद करायला लावतो. आम्ही सगळे गाऊनमध्ये घामानं भिजतो, पण ब्लँकेटखाली त्याचे हातपाय कोमट आहेत ना हे भूलतज्ज्ञ दर थोड्या वेळानं हात लावून बघत राहतात.