भारूड कळतं, मग इंग्रजी गाणं का अडतं?

फलटणला माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की कुठल्या ना कुठल्या राहुटीत भारूड रंगतंच. नाथांचा विंचू चावतो, सोंग घेतलेला गडी विव्हळतो आणि समोरची पोरं हसून बेजार होतात. हा विंचू कामक्रोधाचा आहे आणि त्यावर सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा आहे, हे त्यांना सहज पटतं. कारण विंचवाची धास्ती आणि देव्हाऱ्यातला अंगारा, दोन्ही त्यांच्या घरचंच असतं.

हीच मुलं इंग्रजीच्या तासाला अडतात. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आठवीपर्यंत शब्द बऱ्यापैकी जमलेले असतात. रूपक मात्र ज्या जगण्यातून आलं, ते जगणं त्यांनी पाहिलेलं नसतं.

अमेरिकेतल्या गुलाम कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं घ्या. त्यांत 'कनान' नावाचा देश पुन्हा पुन्हा येतो. इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्यांना देवाने देऊ केलेली भूमी, अशी बायबलमधली कथा. मालकांना वाटे, हे स्वर्गाची आस धरून गातायत. 1838 मध्ये मेरीलँड राज्यातल्या गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी पुढे लिहून ठेवलं, की आमचा कनान म्हणजे उत्तर दिशा. उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हती. शब्दकोशात कनान म्हणजे एक प्राचीन प्रदेश, बास. गाणाऱ्याच्या पाठीवरचा चाबूक आणि पळून जायचा बेत त्यात कुठून सापडणार? तो इतिहास सांगितला, की साताऱ्याच्या मुलालाही ती ओळ भिडते.

चालीचं काम वेगळं. एडिंबरा विद्यापीठातला 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. हंगेरियन न येणाऱ्या 60 प्रौढांचे तीन गट केले. एकाने वाक्यं नुसती म्हटली, दुसऱ्याने ठेक्यात, तिसऱ्याने गाऊन. अवघ्या 15 मिनिटांच्या सरावानंतर हंगेरियन वाक्यं आठवून म्हणण्यात गाणारे पुढे होते. मात्र गाण्याला एक अट आहे. संशोधक वांडा वॉलेस यांनी 1994 मध्ये दाखवलं, की चाल कडव्याकडव्यात परत येऊन ओळखीची झाली तरच मजकूर नीट लक्षात राहतो. एकच कडवं ऐकवलं, तेव्हा गायलेल्यापेक्षा नुसतं बोललेलंच लोकांना जास्त आठवलं.

म्हणजे चाल शब्द टिकवते, अर्थ मास्तरांनाच उघडावा लागतो. मला वाटतं, आपल्याकडे त्याची सुरुवात भारुडापासून व्हावी. विंचू कोण, अंगारा कशाचा, हे आधी मुलांकडूनच वदवून घ्यावं. मग इंग्रजी गाणं लावून तेच विचारावं: हे कोण गातंय, कुणाला उद्देशून, कुणाच्या भीतीने? गाणं संथ असावं, सगळी कडवी एकाच चालीची असावीत, आणि पुढचे आठ-दहा दिवस ते रोज वर्गात म्हटलं जावं.