पीआरएन, एलिजिबिलिटी आणि टर्म : पुणे विद्यापीठात अर्ज नेमका कुठे अडतो

ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) अर्ज असो, डिग्री सर्टिफिकेटचा, मायग्रेशनचा (आधीचे बोर्ड किंवा विद्यापीठ सोडल्याचा दाखला) किंवा साधा परीक्षा फॉर्म, तो परत येतो तेव्हा बहुतेकदा अर्जातली माहिती आणि विद्यापीठाच्या नोंदी जुळलेल्या नसतात. त्या नोंदी वाचायच्या कशा हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. नंतर खिडकीवर विचारावे तर ‘कॉलेजला विचारा’, आणि कॉलेजात विचारावे तर ‘विद्यापीठात जा’. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमधल्या मुलामुलींसाठी म्हणून हे जरा सविस्तर.

आधी तीन नंबर वेगळे करा. पीआरएन हा कायम नोंदणी क्रमांक, त्या अभ्यासक्रमात शेवटपर्यंत तोच राहतो. इंजिनिअरिंगच्या पीआरएनच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते, ते गाळले की ऑनलाइन फॉर्म तुम्हाला ओळखतच नाही. एलिजिबिलिटी नंबर म्हणजे विद्यापीठाने तुमची पात्रता मान्य केल्याची खूण. आणि सीट नंबर फक्त परीक्षेपुरता. इंजिनिअरिंगमध्ये तोही वाचता येतो : ‘टी१९०’ने सुरू होणारा म्हणजे थर्ड इयर, २०१९ पॅटर्न, म्हणजे २०१९पासून लागू झालेला अभ्यासक्रम. विषय नंतरच्या प्रयत्नात पास झाला असेल तर त्या प्रयत्नाची मार्कलिस्ट वेगळी आणि तिच्यावरचा सीट नंबरही वेगळा असू शकतो. पुष्कळ जण शेवटची, सगळे पास दाखवणारी मार्कलिस्ट तेवढी जपतात आणि आधीच्या टाकून देतात. ट्रान्स्क्रिप्टच्या वेळी त्याच शोधाव्या लागतात. कृपा करून एकही कागद टाकू नका.

सगळ्यात जास्त मुले अडकतात ती एलिजिबिलिटीत. प्रवेश कॉलेज देते, पात्रता विद्यापीठ ठरवते, आणि या दोन गोष्टींत काही महिने जाऊ शकतात. तोवर तुमचा प्रवेश तात्पुरताच. महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालेल्यांना मार्कलिस्ट आणि एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला) पुरते. सीबीएसई किंवा आयएससीवाल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, आणि ‘आम्हाला शाळेने दिलेच नाही’ हे उत्तर दरवर्षी येते. शाळेत खेटे घालण्याआधी डिजिलॉकर उघडा, सीबीएसईचे मायग्रेशन तिथे मिळते.

दुसरा गोंधळ खास पुण्याचा. पत्ता पुण्याचा म्हणजे विद्यापीठ पुणे विद्यापीठ, असे नसते. सिंबायोसिस, भारती विद्यापीठ आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अभिमत आहेत, एमआयटी-डब्ल्यूपीयू खासगी विद्यापीठ आहे, कर्वे रस्त्यावरचे एसएनडीटी मुंबईच्या महिला विद्यापीठाचे, आणि सीओईपी २०२२पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. यांतून पदवी घेऊन एखाद्या संलग्न कॉलेजात एमए-एमकॉमला आलात, तर बसने पंधरा मिनिटांचे अंतर असले तरी कागदोपत्री तुम्ही परक्या विद्यापीठातून आलेले. मायग्रेशन लागणारच. उलट फर्ग्युसन स्वायत्त असले तरी पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहे. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांची पात्रताही त्याच वर्षी तपासली जाते, ती पहिल्या वर्षात आपोआप झालेली नसते. पात्रता लटकलेली असली तरी परीक्षेला बसू देतात, म्हणून मुले निर्धास्त राहतात. मग निकाल ‘रिझर्व्ह’ म्हणजे राखून ठेवलेला दिसतो आणि धावाधाव सुरू होते.

आता टर्म. टर्म ग्रँट झाली म्हणजे हजेरी आणि टर्मवर्क पुरे झाले, परीक्षेला बसायचा हक्क मिळाला. टर्म मिळाली पण विषय राहिले, तर एटीकेटी, म्हणजे ते विषय बाकी ठेवून पुढच्या वर्षाला जायची मुभा. टर्मच मिळाली नाही, तर ती पुन्हा भरावी लागते. इयर डाऊन यापेक्षा वेगळे : टर्म झाल्या आहेत, पण पुढच्या वर्षाला लागणारे क्रेडिट नाहीत. किती क्रेडिट लागतात हे विद्याशाखेगणिक आणि पॅटर्नगणिक बदलते, तेव्हा मित्राच्या कोर्सचा नियम स्वतःला लावू नका. इयर डाऊनचे वर्ष म्हणजे गॅप, म्हणजे शिक्षणातला खंडही नव्हे. त्या वर्षी परीक्षा फॉर्म भरलेला असतो, मार्कलिस्ट असते. तरी पुढच्या प्रवेशाला घाबरून गॅपचे प्रतिज्ञापत्र करतात आणि नोटरीकडच्या तयार मजकुरावर ‘या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता’ खाली सही करतात. पीआरएन अस्तित्वात असताना हे विधान खोटे ठरते. प्रवेश घेऊन रद्द केला असेल तर तसेच लिहा, रद्द केल्याची पावती जोडा.

विषयाचे कोड पाठ करायची गरज नाही, पॅटर्नसह वाचायची मात्र आहे. इंजिनिअरिंगच्या २०१५ आणि २०१९ पॅटर्नमध्ये कोडचा पहिला आकडा वर्षाचा. पण १०७००१, म्हणजे मॅथेमॅटिक्स १, हा कोड या दोन्ही पॅटर्नमध्ये आहे. नुसता कोड पाहून बॅकलॉगचा (राहिलेल्या विषयांचा) फॉर्म भरणारा चुकीच्या पेपरला बसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा वगैरे क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), सीसी (सहअभ्यासक्रम) असे कप्पे आहेत. एकूण क्रेडिटची बेरीज जुळली म्हणजे झाले असे नाही, प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे भरावा लागतो. सीसी म्हणजे एनएसएस, क्रीडा, सांस्कृतिक वगैरे. ‘ते कुठे परीक्षेला असतात’ म्हणून दुर्लक्ष होते, आणि गुण कॉलेजकडून गेलेच नाहीत तर मार्कलिस्टवर जागा रिकामी राहते. एबीसी आयडी, म्हणजे ज्या खात्यात तुमची क्रेडिट जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक, बारा अंकी असतो आणि आधारशी जोडलेला असतो. नावाचा घोळ इथेच उघड होतो : बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचे नाव आहे, कुठे नाही. शक्य तेवढी दुरुस्ती पहिल्याच वर्षी करा. नाव खरोखर बदलले असेल तर राजपत्र लागेल.

तारखांबद्दल : उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशन (फेरतपासणी) यांची मुदत निकाल ऑनलाइन जाहीर झाल्यापासून मोजतात, मार्कलिस्ट हातात पडल्यापासून नव्हे. आधी फोटोकॉपी, मग रिव्हॅल्युएशन, हा क्रम मोडता येत नाही. परीक्षा फॉर्ममध्ये मुलांची तारीख वेगळी आणि कॉलेजने फॉर्म मंजूर करून पाठवायची वेगळी. तुम्ही ‘सबमिट’ केले पण कॉलेजने मंजूर केले नाही, तर तो फॉर्म भरलेला नाही. हॉल तिकिटाची वाट न पाहता दोन दिवसांनी स्टेटस बघा.

डिग्री सर्टिफिकेट पास झाल्यावर आपोआप येत नाही, पदवीप्रदान समारंभाचा वेगळा अर्ज करावा लागतो. बॅकलॉग बाकी असताना मायग्रेशन काढू नका, कारण त्याचा अर्थ तुम्ही हे विद्यापीठ सोडले असा घेतला जातो. आणि नोकरीसाठी सीजीपीएचे टक्के मागितले, तर इंटरनेटवरचे कुठलेही सूत्र वापरू नका. तुमच्या पॅटर्नचे रूपांतर कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या आणि अर्जात तोच आकडा टाका.