इंग्रजी भाषेतील गृहांतर्गत स्थाननिर्देश

घराच्या किंवा अन्य इमारतीच्या आत एखादी खोली, वस्तू वा व्यक्ती कोठे आहे आणि ती किती दूर आहे, हे सांगण्यासाठी इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात रूढ असलेले शब्दप्रयोग. मजल्यांची नावे व क्रमांक, जिना, दार, मार्गिका यांवरून केलेले निर्देश आणि ‘अप’, ‘डाउन’, ‘अक्रॉस’, ‘थ्रू’ यांसारखी अव्यये यांचा त्यांत समावेश होतो. मोजपट्टीने मोजलेले अंतर या प्रयोगांत क्वचितच आढळते. चालणाऱ्याला वाटेत काय लागेल, यावरच त्यांची सारी भिस्त असते.

मजल्यासाठी इंग्रजीत ‘फ्लोअर’ व ‘स्टोरी’ असे दोन शब्द आहेत. माणूस ज्या मजल्यावर आहे तो ‘फ्लोअर’ने सांगतात, इमारतीची उंची ‘स्टोरी’ने मोजतात. म्हणजे इमारत दहा ‘स्टोरीं’ची, पण कचेरी दहाव्या ‘फ्लोअर’वर. दुसऱ्या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील मध्ययुगीन लॅटिन लेखनात सु. १२०० पासून ‘हिस्टोरिया’ हा शब्द इमारतीचा मजला या अर्थाने आढळतो. कथा, इतिहास हा त्याचा मूळ अर्थ. चित्र असाही एक अर्थ त्याला होता. त्यावरून असा तर्क केला जातो, की इमारतींच्या दर्शनी भागावर चित्रित खिडक्यांच्या किंवा मूर्तींच्या आडव्या ओळी असत, अशा एकेका ओळीला ‘हिस्टोरिया’ म्हणत आणि पुढे ते नाव त्या पातळीवरील मजल्याला मिळाले. काही जुन्या कोशांनी वेगळी वाट धरली. जुन्या फ्रेंचमधील ‘एस्तोरे’ (बांधलेले, उभारलेले) या रूपापासून हा शब्द आला, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या मतात अर्थाची सांगड सोपी असली, तरी त्या फ्रेंच रूपाला मजला हा नेमका अर्थ असल्याचा आधार मिळत नाही. पहिल्या मतातील चित्रांच्या ओळींचा दुवाही अनुमानाचाच आहे. शिवाय बोलीतील शब्दालाच लॅटिन वेश चढवून लेखनिकांनी तो ‘हिस्टोरिया’ असा लिहिला असण्याची शक्यता अगदीच फेटाळता येत नाही. तथापि लेखी पुरावा ‘हिस्टोरिया’च्या बाजूने असल्याने आधुनिक कोशांचा कल तिकडे आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. ब्रिटिश लेखनात कथा व मजला या अर्थांची वर्णरूपे वेगळी ठेवतात. अमेरिकी लेखनात दोन्ही सारखीच.

मजल्यांच्या क्रमांकांतील भेद सर्वपरिचित आहे. ब्रिटिश पद्धतीत जमिनीलगतचा तो ‘ग्राउंड फ्लोअर’ आणि त्यावरचा ‘फर्स्ट फ्लोअर’. फ्रेंच व जर्मन गणनाही अशीच चालते. अमेरिकी पद्धतीत जमिनीलगतचा मजलाच सामान्यतः ‘फर्स्ट’ धरला जातो.

‘अपस्टेअर्स’ व ‘डाउनस्टेअर्स’ हे जिन्यावरून झालेले निर्देश आहेत. मोठ्या ब्रिटिश घरांत स्वयंपाकघर व नोकरांच्या कामाच्या जागा बहुधा तळघरात असत. त्यामुळे ‘बिलो स्टेअर्स’ या प्रयोगाला नोकरवर्गाचे क्षेत्र असा सामाजिक अर्थ चिकटला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जुन्या महाविद्यालयांत खोल्यांची रचना मार्गिकांभोवती नसून जिन्यांभोवती असते, म्हणून तेथे खोलीचा पत्ता ‘स्टेअरकेस’च्या क्रमांकाने सांगतात. उद्‌वाहनामुळे (लिफ्टमुळे) वरच्या मजल्यांची प्रतिष्ठा वाढली (न्यूयॉर्कमधील हॉवट इमारतीत १८५७ मध्ये एलिशा ओटिस यांच्या कंपनीने प्रवासी उद्‌वाहन बसविले). ‘पेंटहाउस’ हा शब्द या बदलाची साक्ष देतो : मूळ अर्थ भिंतीला टेकून काढलेली पडवी, आजचा अर्थ गच्चीवरील आलिशान निवास.

मार्गिकेवरून होणारे निर्देश तुलनेने अलीकडचे दिसतात. ‘हॉल’ म्हणजे प्राचीन इंग्रजीत मोठे छप्पर असलेली, सर्वांच्या वावराची जागा. खोल्या स्वतंत्र होत गेल्या तसा तो आक्रसून प्रवेशद्वारालगतच्या जागेपुरता उरला आणि अमेरिकेत मार्गिकेचाही वाचक बनला. ‘कॉरिडॉर’ हा धावणे या अर्थाच्या धातूवरून बनलेला, मूळचा इटालियन शब्द. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत तटबंदीच्या संदर्भात आला; घरातील मार्गिका हा अर्थ बऱ्याच नंतर स्थिरावला. वस्तू मात्र शब्दाच्या आधीची. वास्तुविचारक रॉबिन एव्हान्स यांनी १९७८ मधील एका निबंधात इंग्लंडमधील स्वतंत्र मार्गिकेचे आद्य उदाहरण म्हणून चेल्सी येथील बोफोर्ट हाउसच्या जॉन थॉर्पकृत आराखड्याकडे (सु. १५९७) बोट दाखविले आहे. त्यापूर्वी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचाच प्रघात होता. तशा घरात ‘थ्रू’ (मधून) पुरेसे होते. ‘डाउन द हॉल’ म्हणण्याजोगी वाटच नव्हती.

या प्रयोगातील ‘डाउन’मध्ये उताराचा संबंध नाही, मार्गिका सपाटच असते. शब्दाचे मूळ मात्र ‘टेकडीवरून’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी पदबंधात आहे. येथे तो बहुधा वक्त्यापासून दूर, मार्गिकेच्या लांबीने जाणारी दिशा दाखवितो. स्कॉटलंडमध्ये अव्ययेच खोल्यांची नावे झाली. दोन खोल्यांच्या झोपडीला तेथे ‘बट अँड बेन’ म्हणतात : ‘बट’ बाहेरची, ‘बेन’ आतली.

घराच्या वर्णनाचा सर्वांत उद्‌बोधक अभ्यास शार्लट लिंडे व विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञांचा (१९७५). त्यांनी न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपापल्या घराची रचना सांगण्यास सांगितले. नकाशा पाहावा तसे वरून वर्णन करणारे अगदी थोडे निघाले. बहुतेकांनी ऐकणाऱ्याला दारातून आत घेऊन फिरविले. ज्या खोलीतून पुढे वाट नाही ती उंबऱ्यावरूनच दाखविली जाते, पुढे वाट असेल तरच वर्णन आत शिरते. एक फाटा संपला, की परतीची चाल न सांगता थेट मागच्या वळणावर येतात. अशा फेरफटक्यात डावे-उजवे हे चालणाऱ्याचे असते, इमारतीचे नव्हे.

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी स्थाननिर्देशाच्या तीन संदर्भचौकटी मानल्या आहेत : वस्तूची अंगभूत (कपाटाची पुढची बाजू), पाहणाऱ्याला सापेक्ष (खांबाच्या डावीकडे) आणि निरपेक्ष (उत्तरेस). रोजच्या इंग्रजीत घरात पहिल्या दोनच चालतात. पूर्व-पश्चिम उरतात त्या व्हाइट हाउसच्या ‘वेस्ट विंग’सारख्या नावांत. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर भाषेत मात्र खोलीतल्या वस्तूंची जागाही दिशांनीच सांगतात. त्यामुळे इंग्रजीची रीत स्वाभाविक व सार्वत्रिक मानण्याचा जुना समज टिकत नाही.

अंतरासाठी दार हे सोयीचे एकक आहे. अमेरिकी ‘टू डोअर्स डाउन’ आणि ब्रिटिश ‘नेक्स्ट डोअर बट वन’ यांचा रोख सारखाच, मधले एक दार सोडून पुढचे. ‘अक्रॉस द हॉल’ने समोरचे दार कळते. ‘विदिन इअरशॉट’ (हाकेच्या टप्प्यात) हा प्रयोग बाणाच्या पल्ल्यावरून बनलेल्या ‘बोशॉट’च्या धर्तीचा, ‘अ स्टोन्स थ्रो’ मात्र घराबाहेरच्या अंतरासाठीच वापरतात.