फ्रँकलिनची तेरा गुणांची वही

अमेरिकी मुद्रक, लेखक व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) याने स्वतःला सुधारण्यासाठी आखलेली पद्धत. फिलाडेल्फियात छापखाना चालवत असताना तरुणपणी त्याने ती सुरू केली आणि पुढे १७८४ मध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे आत्मचरित्राचा दुसरा भाग लिहिताना सविस्तर सांगितली.

एका दोषावर नजर ठेवावी तर तेवढ्यात दुसरा डोके वर काढतो, हा त्याचा अनुभव. म्हणून माळ्याने एकेक वाफा खुरपत जावे तसा एका आठवड्याला एकच गुण घ्यायचा, असे त्याने ठरवले. खरी मेख क्रमात आहे. मिताहार पहिला, कारण त्याने डोके ताळ्यावर राहते. मग मितभाषण, कारण ज्ञान कानांनी मिळते, जिभेने नव्हे. तिसरी व्यवस्था, म्हणजे कामाला व अभ्यासाला वेळ सापडतो. निश्चय, काटकसर, उद्योग वगैरे त्यामागून. यादी मुळात बाराच गुणांची होती; लोक तुला गर्विष्ठ समजतात, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने सुनावल्यावर शेवटी नम्रता आली.

वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर तांबड्या शाईने वारांची सात घरे, आणि चुकले की काळा ठिपका. तेरा आठवड्यांनी फेरी संपे. वर्षात चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली. त्यांवरचे शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजने पुसता येत. चातुर्मासाचा नेम धरणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल; फक्त इथे उद्यापन नाही, पुन्हा मिताहारापासून सुरुवात.

व्यवस्थेने त्याला सर्वांत जास्त छळले. कागदपत्रे आणि वस्तू जागच्या जागी ठेवणे म्हातारपणापर्यंत जमले नाही. इथे तो कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो: गिऱ्हाइकाला सगळे पाते धारेसारखे लखलखीत हवे होते, लोहार म्हणाला, तू चाक फिरव. फिरवून दमल्यावर, पात्यावर ठिपके उरले असतानाच, गिऱ्हाईक म्हणाले, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते.

यादीत आठवा गुण न्याय. तरीही फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वृत्तपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापल्या जात. गुलामगिरीविरोधी पेनसिल्व्हेनिया संस्थेचा तो अध्यक्ष झाला तो १७८७ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी.