फिलिप आयलंड: तिकीट एकच काढा, बाकीचं आयलंड फुकट आहे

नमस्कार! बुकिंग केल्यावर जवळपास प्रत्येकजण आम्हाला हेच विचारतो की "गाडीचं भाडं ठीक आहे हो, पण तिकडे पोचल्यावर अजून किती लागतील?" दरवेळी फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. आम्ही दोघं नवरा-बायको आणि आमची एक व्हॅन, एवढीच आमची कंपनी आहे, त्यामुळे हे पत्रक पण घरगुतीच आहे, चकचकीत फोटो वगैरे काही नाहीत.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक म्हणजे मेलबर्नला मुलाकडे नाहीतर मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, सोबत सून-जावई आणि नातवंडं. आता फॅमिली तिकीट जे असतं ते दोन मोठे आणि दोन लहान असं असतं, आजी-आजोबा त्यात बसत नाहीत, त्यामुळे सहा जणांचं कुटुंब प्रत्येक ठिकाणी तिकीट काढायला लागलं की दिवसाचं बजेट दुपारीच संपतं आणि मग बाबा डॉलरला रुपयाने गुणायला लागतात, की संपलंच सगळं. खरं सांगायचं तर फिलिप आयलंडवर पैसे देऊन बघावी अशी आमच्या मते एकच गोष्ट आहे, संध्याकाळचे पेंग्विन. बाकी सील, पेलिकन, वॉलबी (छोटं कांगारूच म्हणा), हंस, कडे, खाडी हे सगळं उघड्यावर पडलंय, फक्त कुठे किती वाजता उभं राहायचं ते माहीत पाहिजे.

आयलंड म्हटलं तरी बोट लागत नाही. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर, गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर, आणि सॅन रेमो नावाच्या गावातून पूल ओलांडला की आपण आयलंडवर. लांबी साधारण २६ किलोमीटर, म्हणजे एका दिवसात आरामात फिरून होतं. नाव पडलंय आर्थर फिलिप या न्यू साउथ वेल्सच्या पहिल्या गव्हर्नरवरून, पण इथल्या मूळच्या बुनुराँग लोकांचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे, मिलाउल. स्वस्तातच जायचं असेल तर पब्लिक कोच पण आयलंडवरच्या काउस गावापर्यंत जाते, हे आम्ही लपवत नाही, पण ती पेंग्विनपर्यंत जात नाही आणि पेंग्विन येतात अंधार पडल्यावर, म्हणजे रात्री अडकायला होतं.

पहिला थांबा पुलाच्या अलीकडेच, सॅन रेमोला. तिथे मच्छी-चिप्सच्या दुकानासमोर दुपारी १२ वाजता पेलिकनना मासे घालतात, बघायला पैसे नाहीत, डबा ठेवलेला असतो त्यात एक-दोन डॉलरचं नाणं टाकायचं. ऑस्ट्रेलियन पेलिकनची चोच जगातल्या सगळ्या पक्ष्यांमध्ये लांब आणि पंख उघडले की अडीच मीटरच्या आसपास, तो तुमच्यापासून चार पावलांवर उतरतो तेव्हा छोटी मुलं आधी आजीच्या पदराआड जातात आणि मग पाच मिनिटांत पुढे. स्वतःच्या डब्यातलं काही घालू नका प्लीज, पोळीचा तुकडा सुद्धा नाही. मासे घालणारे लोक पक्ष्यांच्या पायात चोचीत गळ-दोरा अडकलाय का ते पण बघत असतात.

आता पूल ओलांडल्यावर डावीकडे आधी जायचं की उजवीकडे, हे आम्ही ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला लागत नाही, पुणेकरांना मात्र लागतं 🙂 आदल्या रात्री आम्ही टाइड टेबल बघतो. दुपारी ओहोटी असेल तर फॉरेस्ट केव्हज, समुद्राने खडक कोरून केलेल्या गुहा, त्यात फक्त पाणी ओसरल्यावरच जाता येतं. पायऱ्या उतरून मग वाळूत चालायचंय, गुडघ्याचा त्रास असेल त्यांनी वरूनच समुद्र बघावा, आम्ही चहा घेऊन सोबत थांबतो.

आणि भरती चढत असेल तर ऱ्हिल नावाचं गाव. आमची सगळ्यात आवडती जागा हीच आणि टूर बस इथे फारशा येत नाहीत. कॉन्झर्व्हेशन हिल म्हणून टेकडी आहे, तिथे गाडी लावायची आणि खाडीकडे चालत जायचं, पुढे लाकडी पायवाट थेट कांदळवनातून जाते. गेल्या वर्षी रत्नागिरीकडचे एक काका आले होते, ते पायवाटेवर थांबले, चिखलातून वर आलेल्या त्या पेन्सिलीसारख्या मुळ्यांकडे बघितलं, एक पान खालून उलटवून पाहिलं आणि म्हणाले "अहो हे तर तिवर!" आणि बरोबर होतं त्यांचं, आपल्या खाड्यांमध्ये जी तिवर असते तीच जात, इथे थंडीमुळे बुटकी राहते एवढंच. हा सगळा वेस्टर्न पोर्टचा उपसागर १९८२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, कारण सायबेरिया-अलास्काकडून हजारो किलोमीटर उडून येणारे चिखलातले पक्षी उन्हाळाभर इथे खातपीत असतात. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलावर पसरतात, ठिपके दिसतात नुसते, पाणी चढायला लागलं की तेच पक्षी ढकलले जाऊन जवळ येतात. म्हणून वेळ बघून जायचं. दुर्बीण गाडीत दोन आहेत, घरची असेल तर आणा.

जेवण काउसला. समुद्रकाठी गवतावर बाकं आहेत, सार्वजनिक बार्बेक्यू आहेत. बार्बेक्यूच्या तव्यावर आपली मंडळी थालीपीठ लावतात, आम्ही पाहिलंय, छान होतं, फक्त तवा आधी नीट पुसा आणि नंतर पण पुसून ठेवा. सीगल फार चोर आहेत, प्लेट हातात धरून खा.

कोआलाचं काय, हा पुढचा प्रश्न असतोच. आयलंडवर कोआला रिझर्व्ह आहे, तिथे तिकीट आहे आणि झाडांच्या उंचीवर बांधलेल्या लाकडी पुलांवरून कोआला अगदी डोळ्यांसमोर दिसतात. पैसे वाया जातात असं आम्ही म्हणणार नाही, ज्यांना आयुष्यात एकदाच बघायचाय त्यांनी जरूर जावं, पण कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, निलगिरीच्या बेचक्यात एक राखाडी गाठोडं बघायला तुम्ही पैसे देताय हे आधी समजून घ्या. आणि कडेवर घेऊन फोटो व्हिक्टोरियात मिळत नाही, इथे कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे नातेवाइकांचा क्वीन्सलँडचा फोटो दाखवून आमच्याशी भांडू नका. वेगळा दिवस हाताशी असेल तर पेन्सविलजवळच्या रेमंड आयलंडला जा, तिथे पायी जाणाऱ्यांना फेरी फुकट आहे आणि रस्त्याकडेच्या झाडांवर मोकळे कोआला बसलेले असतात. १९५३ ला तिथे थोडे आणून सोडले होते, त्यांचीच ही पिल्लावळ. पण ते मेलबर्नपासून लांब आहे, एका दिवसात दोन्ही होत नाही.

रिझर्व्हपासून जवळच ऑस्विन रॉबर्ट्स म्हणून जंगलाचा तुकडा आहे, तो फुकट. इथे वॉलबी हमखास म्हणावी इतकी दिसते, नशीब असेल तर एकिडना, साळिंदराचा छोटा भाऊ म्हणा, मुंग्या उकरत बसलेली. रस्त्याने जाताना कुरणात राखाडी मोठी बदकं दिसतील, चोचीवर पोपटी रंग, ती केप बॅरन गूज. आवाज डुकरासारखा घुर्रर्र करतात. एकेकाळी फार कमी उरली होती, आता इतकी आहेत की गाडी थांबवून वाट द्यावी लागते.

संध्याकाळच्या आधी नॉबीज, म्हणजे आयलंडच्या पश्चिम टोकाचे कडे. हे चुकवू नका आणि उशीर पण करू नका, कारण सूर्यास्ताच्या साधारण तासभर आधी तिकडचा रस्ता बंद होतो, पेंग्विनना घरी यायचं असतं. उन्हाळ्यात वेळच वेळ, पण जून-जुलैमध्ये सूर्य पाचलाच बुडतो, म्हणून हिवाळ्यात आम्ही मेलबर्नहून दोन तास लवकर निघतो आणि तेव्हा तक्रार करणारे नंतर थँक्यू म्हणतात. पार्किंगला पैसे नाहीत, लाकडी पायवाटेला पैसे नाहीत. हिरवं गवत, काळा खडक, खाली ब्लोहोलमध्ये, म्हणजे खडकातल्या पोकळीत, लाट घुसली की ढगासारखा गडगडाट. पायवाटेखाली लाकडी खोकी दिसतील, वाकून हळूच बघा, दिवसा सुद्धा एखादा पेंग्विन आत बसलेला सापडतो.

समोर दीड-दोन किलोमीटरवर सील रॉक्स. त्या खडकांवर हजारो फर सील राहतात, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी ही एक. एकोणिसाव्या शतकात कातडीसाठी त्यांना मारून जवळपास संपवलं होतं, तिथून सावरलेत. नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही हं, खडक दिसतो फक्त. दुर्बीण लावली की तो खडक हलायला लागतो. बोटीने जवळ जाता येतं पण ती महाग आणि हे पाणी बास स्ट्रेट या सामुद्रधुनीचं, बोट लागणाऱ्यांनी विचारसुद्धा करू नये. हिवाळ्यात इथून किंवा पिरॅमिड रॉकवरून कधी कधी व्हेल पण दिसतात, पण त्याची गॅरंटी आम्ही देत नाही, कोणी देत असेल तर जपून.

आता पेंग्विन. हेच ते एक तिकीट, आणि ते ऑनलाइन आधी काढून ठेवा, शाळेच्या सुट्ट्यांत आणि नाताळात संपून जातं. प्लस, अंडरग्राउंड असे महागडे प्रकार आहेत, आमचा सल्ला साधं जनरल घ्या. हे लिटल पेंग्विन, जगातली सगळ्यात छोटी जात, उंची ३३ सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन एक किलो, म्हणजे गव्हाच्या छोट्या पिशवीएवढा प्राणी. दिवसभर समुद्रात मासे धरतात, अंधार पडला की काठाशी येऊन घोळका जमेपर्यंत थांबतात, एकटा निघाला तर कोणी धरेल म्हणून. एक पुढे येतो, इकडे तिकडे बघतो, घाबरून परत पाण्यात, मग पाच-दहाजण मिळून, आणि मग अख्खी वरात डुलत डुलत वाळू ओलांडते. बहुतेक लोक एवढं बघून उठतात आणि पार्किंगकडे पळतात. तुम्ही उठू नका! खरी मजा नंतर आहे, परतीच्या लाकडी पायवाटेवर हळू चाला, पेंग्विन तुमच्या बाजूने हातभर अंतरावरून आपापल्या बिळाकडे जात असतात, भांडतात, ओरडतात, एकमेकांना शोधतात.

या जागेची एक गोष्ट आम्हाला नेहमी सांगावीशी वाटते. समरलँड नावाच्या या टोकावर पूर्वी घरांची वसाहत होती, रस्ते होते, गाड्या होत्या, कुत्री होती, आणि पेंग्विन कमी होत चालले होते. १९८५ ला सरकारने ठरवलं की इथली सगळी घरं-प्लॉट विकत घ्यायचे, आणि घेत घेत २०१० पर्यंत सगळं घेतलं. पंचवीस वर्षं! माणसं हलवून पक्ष्यांना गाव परत दिलं असं उदाहरण आम्हाला तरी दुसरं माहीत नाही. कोल्हे पण हटवले, २०१७ ला आयलंड कोल्हामुक्त जाहीर झालं. तिकिटाचे पैसे याच कामाला जातात, म्हणून हे तिकीट आम्हाला टोचत नाही. आणि आजी लोकांसाठी अजून एक, २००१ ला तेल सांडून ४३८ पेंग्विन माखले होते, तेव्हा त्यांनी चोचीने तेल खाऊ नये म्हणून त्यांना लोकरीचे स्वेटर घातले होते, आणि त्यातले ९६ टक्के वाचले. आता विणू नका, स्वेटर भरपूर जमलेत तिकडे.

फोटो, व्हिडिओ, मोबाइल सगळं बंद, फ्लॅश नसला तरी बंद. फोन खिशात ठेवा आणि बघा. पिसं गळायच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, प्रत्येक पेंग्विन अडीच आठवडे पाण्यात जात नाही, उपाशीच बिळापाशी उभा असतो, त्यामुळे समुद्रातून येणारे कमी दिसू शकतात, त्याला आम्ही जबाबदार नाही 🙏

पण त्याच दिवसांत दुसरं काहीतरी फुकट मिळतं. शिअरवॉटर नावाचे काळपट पक्षी सप्टेंबरच्या शेवटी अलास्काच्या बाजूने येतात, लाखोंनी, नोव्हेंबरच्या शेवटी प्रत्येक जोडी एकच अंडं घालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी ते समुद्रावरून परततात तेव्हा डोक्यावरून पंखांचा आवाज करत जातात, सगळं आकाश भरतं. एप्रिलच्या मध्यावर आई-बाप पिल्लांना सोडून निघून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं कोणी न दाखवता त्याच वाटेने उत्तरेला जातात. दिव्यांनी ती गोंधळून रस्त्यावर उतरतात म्हणून त्या दिवसांत पुलावरचे दिवे बंद ठेवतात, आणि आम्ही गाडी हळू चालवतो, घरी पोचायला उशीर होतो. केप वूलामाई या आयलंडच्या टोकाला चालायला जाणाऱ्यांनी पायवाट अजिबात सोडू नका, बाजूची जमीन त्यांच्या बिळांनी पोकळ आहे, पाय पडला की बीळ आत बसतं, शिवाय उन्हाळ्यात साप असतात. तिथल्या पिनॅकल्स नावाच्या खडकांच्या सुळक्यांपर्यंत जाऊन-यायला दोन तास धरा. खाली बीचवर पोहायचं नाही, ओढ फार आहे, जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मध्ये सुद्धा लहान मुलांना आम्ही सोडू देत नाही.

कपड्यांबद्दल एकदा सांगतो आणि मग सोडतो. जानेवारीत मेलबर्नला ४० डिग्री असेल तरी रात्री पेंग्विनच्या बाकावर वारा थेट दक्षिणेचा येतो. स्वेटर, कानटोपी, मोजे, आजी-आजोबांना शाल. पाऊस असला तरी पेंग्विन येतात त्यामुळे ट्रिप पण होते, छत्री नको, मागच्याला दिसत नाही, रेनकोट आणा.

गाडीच्या भाड्यात पेट्रोल, दुर्बीण, दोन वेळचा चहा आणि पाण्याच्या बाटल्या आल्या, तिकीट आणि जेवण तुमचं. पेंग्विनचं तिकीट आम्ही काढून देऊ शकतो, वर एक पैसा न लावता, पण चार वर्षांखालच्या मुलांची वयं खरी सांगा, त्यांना लागत नाही. आयलंडवरच्या रेसिंग सर्किटवर मोठ्या मोटारसायकल रेस असतात त्या वीकएंडला आम्ही ट्रिप घेत नाही, पुलावरच दोन तास जातात. आणि रात्री पार्किंगमध्ये आलात की गाडीत बसायची घाई करू नका, आधी मी टॉर्च घेऊन चारही चाकांखाली बघतो, तिथे पेंग्विन बसलेला असू शकतो, तोपर्यंत सगळ्यांनी बाहेरच थांबायचंय, थंडी वाजत असली तरी.