संगीतशिक्षण आणि बालविकास

संगीतशिक्षण म्हणजे मुलांना गाणे, वाद्य वाजवणे, तालावर हालचाल करणे आणि कानाने सूर-लय ओळखणे यांचा नियमित सराव देणारे शिक्षण. नुसते संगीत कानावर पडणे यात येत नाही. संगीताचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, ते मुलाने स्वतः सूर लावला, ठेका धरला, चुकले आणि पुन्हा करून पाहिले तरच पदरात पडतात.

यांतला सर्वांत भरवशाचा फायदा कानाचा. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतला पहिल्या अक्षराचा फरक सेकंदाच्या काही शतांशांत घडतो. जीभ दातांवरून सुटल्यावर स्वर किती उशिराने सुरू झाला, एवढ्यावर तो ठरतो. सूर जुळवताना आणि ठेका धरताना कानाला अशाच बारकाव्यांवर लक्ष ठेवावे लागते. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना ठेक्याबरोबर टाळी देणेही पुष्कळदा जड जाते. म्हणून शब्द टाळ्यांवर फोडून म्हणणे (‘पा-ऊ-स’ला तीन टाळ्या) हा अक्षरओळखीच्या आधीचा उत्तम सराव आहे. मेंदूतही बदल दिसतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे सहा वर्षांच्या मुलांनी 15 महिने कीबोर्डचे धडे घेतल्यावर, ऐकण्याशी व हातांच्या हालचालीशी संबंधित भागांत आणि दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्यात इतर मुलांपेक्षा अधिक बदल आढळले.

दुसरा ठळक लाभ एकमेकांशी जुळवून घेण्याचा. 2010 मधील एका प्रयोगात चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या एकत्र गात-वाजवत खेळल्या. नंतर त्यांनी, संगीताविना तोच खेळ खेळलेल्या जोड्यांपेक्षा, एकमेकांना अधिक मदत केली. समूहगायनात आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात बसवावा लागतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. आवेग आवरण्याचा इतका आनंददायक सराव दुसरा क्वचितच सापडेल.

बुद्ध्यंकाबद्दल मात्र हात राखून बोलावे. ‘मोत्झार्ट परिणाम’ (मोत्झार्टचे संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते हा समज) म्हणून गाजलेला 1993 चा प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, मुलांवर नव्हे. आणि त्यात दिसलेली वाढ 10-15 मिनिटांत ओसरली. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी 2004 मध्ये सहा वर्षांच्या 144 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 7 गुणांनी, इतरांचा (नाट्यशिक्षण घेतलेल्या किंवा काहीच न शिकलेल्या मुलांचा) 4.3 गुणांनी वाढला. सामाजिक वर्तन मात्र नाट्यशिक्षण घेतलेल्यांचे सुधारले. पुढे 2020 मध्ये साला आणि गोबे या संशोधकांनी 54 अभ्यास एकत्र तपासले. संगीताची तुलना दुसऱ्या एखाद्या रंजक उपक्रमाशी केलेल्या अभ्यासांत बुद्धी वा शालेय गुणांवरचा परिणाम जवळजवळ शून्य भरला. गणिताचे गुण वाढावेत म्हणून वाद्य हाती देणे त्यामुळे चुकीचे. त्या अपेक्षेच्या ओझ्याखाली संगीतच सुटते.

शिकवताना सर्वांत मोठी चूक पट्टीची होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला पियानोवरील मध्य सीच्या वरच्या डीपासून एपर्यंतचे, म्हणजे साधारण 294 ते 440 हर्ट्‌झचे, पाच सूर सहज लागतात. मोठी माणसे आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गातात, मूल तिथे पोचू न शकल्याने बोलल्यासारखे पुटपुटते आणि लगेच ‘बेसूर’ ठरते. उपाय उलट दिशेने करावा. मुलाने जो सूर आपणहून लावला तोच शिक्षकाने लावावा, दोन आवाज एक झाल्याची जाणीव मुलाला होऊ द्यावी आणि मग एकेक अर्धस्वर (पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर) वर-खाली सरकावे. भोंग्यासारखा आवाज खालून वर नेण्याचा खेळही गळा मोकळा करतो.

लयीचेही तसेच. चार-पाच वर्षांच्या मुलाची स्वाभाविक टाळी मिनिटाला सुमारे 150 पडते, प्रौढाची 100 च्या आसपास. ‘सावकाश म्हणजे सोपे’ हा समज इथे फसतो: 60 च्या लयीत मुलाला दोन टाळ्यांमधली पोकळी सांभाळता येत नाही आणि ते पुढे धावते. मुलाच्या गतीने सुरुवात करून लय हळूहळू उतरवावी.

पाच-सहा वर्षांच्या वयात रोज 10 मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदाच्या तासाभरापेक्षा अधिक टिकतो. वाद्य अंगाच्या मापाचे हवे. व्हायोलिन एक-षोडशांशापासून पाऊण मापापर्यंत मिळते, आणि मोठे दिले तर खांदा उचलला जाऊन मनगट वाकडे पडते. तोंडाने फुंकायची बहुतेक वाद्ये पुढचे कायमचे दात आल्यावरच द्यावीत. बंद खोलीत अनेक ढोल एकत्र वाजत असतील तर कानांना संरक्षण द्यावे.

ऐकण्यात अडचण असलेली मुलेही यात सहभागी होऊ शकतात. कॉक्लियर इम्प्लांटमधून (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवणयंत्रातून) ठेका बऱ्यापैकी पोचतो, सुरांची उंची मात्र अंधुक. अशा मुलांना आधी ताल शिकवावा, ढोलाच्या कडेवर तळहात टेकवून कंपन जाणवू द्यावे आणि गाण्याचे शब्द समोर, ओठ दिसतील असे म्हणावेत.