पी-१० वायूचा फ्लो काउंटर : सिमेंट आणि खनिज प्रयोगशाळांसाठी माहिती

एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमचे आकडे हलू लागले की पहिला संशय इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. आमचा आग्रह आहे, आधी फ्लो काउंटरचा, म्हणजे क्ष-किरण मोजणाऱ्या वायूभरल्या नळीचा, वायू आणि तिची पातळ फिल्मची खिडकी पाहा.

कारण साधं आहे. काउंटरमध्ये पी-१० वायू, म्हणजे ९० टक्के आरगॉन आणि १० टक्के मिथेन असतो. इलेक्ट्रॉन आणि आयनाची एक जोडी सुटायला सुमारे २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या १.४९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणातून जेमतेम ५७ जोड्या मिळतात. काउंटरच्या मधल्या बारीक तारेजवळ इलेक्ट्रॉनची संख्या हजारो पटींनी वाढते आणि ही वाढ वायूच्या घनतेवर अवलंबून असते. तापमान किंवा दाब बदलला की पल्स-हाइट आलेखातलं (पल्सच्या उंचीनुसार त्यांची संख्या दाखवणाऱ्या आलेखातलं) शिखर सरकतं. म्हणून सिलिंडर उन्हात नको. वायू खोलीच्या तापमानाला येऊनच यंत्रात शिरावा.

७ घनमीटरचा सिलिंडर ताशी १ लिटर प्रवाहाने साडेनऊ महिने पुरतो. तीन महिन्यांत संपत असेल तर गळती आहे. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहा. दाब १० बारवर आला की सिलिंडर बदला, पार रिकामा होऊ देऊ नका. बदलताना नळीत शिरलेल्या हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन गिळतो, शिखर खाली घसरून डावीकडे पसरतं. काही तास वायू वाहू द्या, पल्स-हाइट आलेख तपासा, मगच नमुने लावा.

खिडकीची फिल्म हा तडजोडीचा मामला. ६ मायक्रॉन मायलारमधून (पॉलिस्टर फिल्ममधून) सोडियमचे किरण जेमतेम दहावा हिस्सा पार होतात, १ मायक्रॉन पॉलिप्रॉपिलीनमधून सुमारे ८५ टक्के. पण पातळ फिल्ममधून वायू निर्वात कक्षात झिरपत राहतो आणि सैल भुकटीचे कण तिला फाडतात. नमुन्याची गोळी नीट दाबलेली हवी, कडा फुंकून साफ केलेल्या हव्यात. निर्वात व्हायला रोजच्यापेक्षा वेळ लागू लागला, तर फिल्मच पाहा.

सिमेंटवाल्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. टीएपी स्फटिकावर (हलक्या मूलद्रव्यांचे किरण वेगळे करणाऱ्या स्फटिकावर) कॅल्शियमच्या किरणाचं तिसऱ्या क्रमाचं परावर्तन मॅग्नेशियमच्या अगदी शेजारी येतं. त्याचा ३.६९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा पल्स वेगळा ओळखता येतो, पण काउंटरमधल्या आरगॉनचा २.९६ चा किरण बाहेर निसटला की ०.७३ वर दुय्यम शिखर उरतं आणि ते मॅग्नेशियमच्या १.२५ च्या रुंद शिखरात मिसळतं. चुना जास्त असलेल्या नमुन्यात मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) उगाच वाढलेला दिसतो तो यामुळे. पल्स-हाइटच्या मोजणी-पट्ट्याची खालची मर्यादा वर घ्या, आणि मॅग्नेशियमच्या हिशेबाच्या समीकरणात कॅल्शियमची दुरुस्ती ठेवा.

ॲल्युमिनियमच्या शिखराची रुंदी सुमारे ३५ टक्के असावी. ४५ च्या पुढे गेली किंवा शिखर दुभंगलं, तर मिथेनच्या विघटनाचा थर तारेवर बसला आहे. तार बदला, नव्या तारेला उघडं बोट लावू नका.

पी-१० ज्वलनशील आहे, बंद खोलीत साचला तर श्वासही कोंडतो. बाहेर पडणाऱ्या वायूची नळी इमारतीबाहेर काढा आणि तिचं तोंड पावसापासून झाका.